चिकूच्या फांदीखालचा ट्रॅक्टर

बोर्डी-घोलवडच्या चिकूवाडीत मोठा ट्रॅक्टर नीट फिरत नाही. झाडांमध्ये दहा-दहा मीटर अंतर सोडलेलं असलं, तरी जुन्या कालीपत्ती जातीच्या चिकूच्या फांद्या आडव्या पसरतात आणि चालकाचं डोकं थेट पानाफळांत जातं. वाडीत चालतो तो पंधरा ते अठ्ठावीस अश्वशक्तीचा बुटका, अरुंद ट्रॅक्टर. मागे रोटाव्हेटर, नाहीतर गवत कापायचा स्लॅशर.

या यंत्राचा माग काढायचा तर आधी विळ्याकडे जावं लागतं. बोर्डी-घोलवड ज्या डहाणू-तलासरी पट्ट्यात येतं, तिथे गवत म्हणजे नुसतं तण नव्हतं. मुंबईच्या तबेल्यांना ते विकलं जाई आणि त्यावर जमीनदार-व्यापाऱ्यांची चलती होती. कापणारे वारली आदिवासी. १९४५ साली किसान सभेच्या लढ्यात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली, त्यांनी पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मागितले आणि संप केला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच वारली मारले गेले. या भागात गवतकापणीच्या यंत्राची गोष्ट हा दर वगळून सांगणं मला अप्रामाणिक वाटतं.

पुढे १९६३ साली, घोलवडवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेवरच, कांदिवलीत, इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. तिचा पस्तीस अश्वशक्तीचा बी-२७५ मोकळ्या शेताचा गडी. वाडीला हवा होता तो ट्रॅक्टर वेगळ्या वाटेने आला. ऑस्ट्रेलियात क्लिफर्ड हॉवर्डने १९१२ च्या सुमारास फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करण्याचे प्रयोग केले. त्यातून रोटाव्हेटर आला. हॅरी फर्ग्युसनने विसाच्या दशकात अवजार तीन जोडांनी ट्रॅक्टरलाच टांगलं. अवजाराची ओढ मागच्या चाकांवर दाब वाढवते, त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरचीही पकड सुटत नाही. ही युक्ती नसती तर छोटा ट्रॅक्टर जागेवरच चाकं फिरवत राहिला असता.

त्याला लहान केलं ते जपानने. तिथली भातखाचरं चिमुकली. कुबोटाने १९६० साली पहिला ट्रॅक्टर काढला आणि १९६९ मध्ये एकवीस अश्वशक्तीचा एल-२०० अमेरिकेत नेला. तिथे त्याला शेताबरोबरच बंगल्यांची हिरवळ, बागा, घोड्यांची कुरणं असं आवार राखण्याचं काम मिळालं. आपल्याकडे आधी मागून चालत हाकायचा पॉवर टिलर आला. १९६७ साली स्थापन झालेल्या बेंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने तो बनवला. त्याच घराण्यातला, बसून चालवायचा शक्ती एमटी-१८० पुढे बागायतदारांकडे पोहोचला. राजकोटच्या कॅप्टन कंपनीने मिनी ट्रॅक्टर काढले, महिंद्राने पंधरा अश्वशक्तीचा युवराज आणला. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना ओळींमधून फवारणीचा ब्लोअर न्यायचा होता. अरुंद ट्रॅक्टरची मागणी त्यांनी वाढवली. २०२१ च्या स्वराज कोड या ट्रॅक्टरमध्ये तर चालकाला पुढे-मागे दोन्हीकडे तोंड करून बसता येतं.

डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला, कारखान्यांवर निर्बंध आले. वाड्या टिकायला त्याचा मोठा आधार झाला. यंत्राने मात्र त्या जपूनच हाताळल्या पाहिजेत. चिकूची अन्न शोषणारी मुळं वरच्या थरात असतात. रोटाव्हेटर खोल लावला की तीच तुटतात. म्हणून पावसाळ्यानंतर मी स्लॅशरच्या बाजूचा. कापलेलं गवत झाडाखालीच पडू द्यावं, ओल टिकते. बोर्डीत समुद्र शेजारी, खाऱ्या हवेने पात्यांना आणि बोल्टांना लगेच गंज धरतो. काम संपलं की गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं करून ग्रीस भरायला आळस चालत नाही.

इतकं करूनही खोडाभोवतीच्या गोलात ट्रॅक्टर घालता येत नाही. साल सोलवटली तर झाडाला इजा होते. तेवढं गवत आजही विळ्याने काढतात, बहुतकरून वारली बायका-पुरुषच, आणि त्याची मजुरी अजून मालकाशी बोलूनच ठरते.