विषाणू झोपलेला नव्हता!



एचआयव्हीबद्दल आपल्या वस्त्यांमध्ये आजही दोन वाक्यं कानावर पडतात. एक, "केलं ते भोगतोय." दुसरं, "आता बरा दिसतोय ना, मग गोळ्या कशाला?" पहिल्या वाक्यावर आपण कार्यकर्ते लगेच चिडतो, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. आमच्या मते दोन्ही वाक्यांचं मूळ एकच आहे. शरीरात नेमकं काय चाललंय हे माहीत नसलं की माणूस एकतर पापपुण्याकडे वळतो, नाहीतर डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर विसंबतो. एकेकाळी मोठमोठे डॉक्टरही या दुसऱ्या चुकीत अडकले होते. त्यांना बाहेर काढलं ते गणिताने.

१९८१ साली अमेरिकेत या आजाराचे पहिले रुग्ण नोंदले गेले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू सापडला. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातली लागण उघडकीस आणली. कारण कळलं, पण कोडं सुटलं नाही. लागण झाल्यावर माणूस आठ-दहा वर्षं धडधाकट राहतो, कामाला जातो. या काळात रक्तातलं विषाणूचं प्रमाण जवळपास स्थिर असतं आणि प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी अगदी हळूहळू घटतात. मग विषाणू करतो काय? झोपतो, असं बहुतेकांनी धरून चाललं होतं. झोपलेल्याला कशाला छेडा, आजार दिसला की औषध देऊ, असा त्यातून निघणारा व्यवहार होता.

गावात सगळा सलोखा आहे असं कोणी सांगितलं की आपण काय विचारतो? हा सलोखा कोणाच्या जिवावर चाललाय? इथे हाच प्रश्न विचारायला हवा होता.

न्यूयॉर्कमधले डॉ. डेव्हिड हो आणि लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतले गणिती अॅलन पेरेलसन यांनी तो विचारला. (लॉस अलामोस म्हणजे अणुबॉम्ब जिथे बनला तेच ठिकाण.) एक हौद डोळ्यांसमोर आणा. वरून नळ चालू आहे, खालून मोरी उघडी आहे. जेवढं पाणी येतं तेवढंच जातं, म्हणून पातळी हलत नाही. नुसती पातळी बघणाऱ्याला पाणी साचलेलं वाटेल. नळ अचानक बंद करा आणि पातळी किती वेगाने उतरते ते मोजा. मोरीतून किती पाणी जातं ते कळेल. आणि जेवढं जातं तेवढंच आधी नळातून येत होतं, हेही कळेल.

नळ बंद करणारं औषध तेव्हा नुकतंच हातात आलं होतं: रिटोनाविर. वीस रुग्णांना ते दिलं आणि विषाणू मोजत गेले. साधारण दर दोन दिवसांनी तो निम्मा होत होता! अलाबामातल्या जॉर्ज शॉ यांच्या गटाने मार्टिन नोवाक या गणितज्ञाला सोबत घेऊन वेगळ्या रुग्णांवर हेच मोजलं, उत्तर तेच आलं. दोन्ही निबंध जानेवारी १९९५ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात छापून आले. पुढच्या वर्षी पेरेलसन यांनी हिशेब अधिक काटेकोर केला. तीन राशी घेतल्या: निरोगी पेशी, लागण झालेल्या पेशी आणि मोकळे विषाणू. एकीतली वाढघट दुसरीवर कशी अवलंबून आहे ते समीकरणांत मांडलं. उत्तर असं निघालं की लागण झालेली पेशी दोनेक दिवस जगते, मोकळ्या विषाणूचं अर्धायुष्य सहाएक तासांचं असतं आणि एका शरीरात रोज सुमारे दहा अब्ज, म्हणजे हजार कोटी नवे विषाणू तयार होतात.

म्हणजे ती दहा वर्षं रोजच्या लढाईची होती. शरीर रोज हजार कोटी मारत होतं आणि रोज थोडं थोडं हरत होतं.

औषधाचं धोरणही याच आकड्याने बदललं. या विषाणूची जनुकीय संहिता सुमारे दहा हजार अक्षरांची, आणि तिची नक्कल करताना साधारण तीन नकलांमागे एक चूक होते. रोजचं उत्पादन एवढं अफाट असेल तर कुठल्याही एका औषधाला दाद न देणारा विषाणू औषध सुरू होण्याआधीच शरीरात असणार. १९८७ पासून एकट्या एझेडटीवर ठेवलेले रुग्ण पुन्हा का ढासळत होते, त्याचा हा खुलासा. तिन्ही औषधांना एकाच वेळी चकवायचं तर अनेक बदल एकत्र जुळून यावे लागतात, आणि ते फार दुर्मीळ. १९९६ च्या व्हँकुव्हर परिषदेत तीन औषधांच्या उपचाराचे निकाल जगासमोर आले. गोळ्या मध्येच चुकल्या की अर्धवट औषधात विषाणू वाढतो आणि दाद न देणाराच शिल्लक राहतो, हेही याच हिशेबातलं. "बरा दिसतोय" याला इथे काही किंमत नाही.

पण गणित म्हणजे वेदवाक्य नव्हे. १९९७ मध्ये हो आणि पेरेलसन यांच्या गटाने हिशेब मांडला की दोन-तीन वर्षं पूर्ण दाबून धरलं तर विषाणू कदाचित समूळ जाईल. त्याच वर्षी बाल्टिमोरचे रॉबर्ट सिलिसियानो आणि इतर गटांनी दाखवलं की काही पेशींमध्ये तो खरोखरच दडून राहतो. तो साठा निम्मा व्हायला ४४ महिने लागतात, म्हणजे संपायला साठहून अधिक वर्षं, असं १९९९ मध्ये निघालं. समीकरणात ही खोली धरलीच नव्हती. हो हे तोवर 'टाइम'चे मॅन ऑफ द इयर झाले होते, तरीही मोजमापापुढे त्यांचं भाकीत मागे घ्यावं लागलं. कालामांना भगवान बुद्धांनी दुसरं काय सांगितलं होतं?

आता "केलं ते भोगतोय"कडे येऊ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्माच्या कर्माच्या सिद्धांताची चिकित्सा केली आहे. गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, यापलीकडे या सिद्धांताचा हेतू काय, हा त्यांचा सवाल आहे. तो इथे तंतोतंत लागू होतो. १९९६ नंतर एड्सने मरणं हे मुख्यतः औषध न मिळण्याने मरणं होतं. तिहेरी औषधांचा वर्षाचा खर्च एका माणसामागे दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तो ३५० डॉलरवर आणून दाखवला. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त प्रक्रियेवर होतं. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची तीन औषधं इथे एका गोळीत बसवता आली. २००५ मध्ये तो कायदा बदलला, हेही लक्षात असू द्या. सरकारी दवाखान्यातून मोफत एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ ला. व्हँकुव्हरनंतर आठ वर्षांनी. या आठ वर्षांत जे गेले त्यांच्या कुठल्या कर्माचा हिशेब लावायचा?

विहारातल्या बैठकीत आम्ही फळ्यावर हौद काढतो, नळ आणि मोरी काढतो. लोकांना ते पटकन समजतं. समीकरणात औषधाचा परिणाम एका अक्षराने दाखवतात, शून्य ते एकच्या मध्ये. त्यावर एका ताईंनी विचारलं, सेंटरला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी जाते, घरात सासूपासून डबी लपवावी लागते, ते त्या अक्षरात कुठे धरलंय?