मूल्याच्या पोटातील मूल्य : एका साध्या कसोटीचा इतिहास

संरचित आधारसामग्रीच्या अभ्यासात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. नोंदीतील एखाद्या पदाचे मूल्य एकेरी आहे, की त्याच्या पोटात आणखी मूल्ये आहेत? भूमापनातील पोटहिस्सा किंवा कायद्यातील पोटकलम या शब्दांच्या धर्तीवर अशा आतील मूल्यास 'पोटमूल्य' म्हणता येईल. कर्मचाऱ्याचे नाव हे एकेरी मूल्य होय. त्याच्या अपत्यांची यादी ही मात्र पोटमूल्ये धारण करणारी रचना होय. सामग्री सपाट कोष्टकात भरण्यापूर्वी हा भेद ओळखला नाही, तर पोटमूल्ये गळून जातात किंवा एकाच चौकटीत अक्षरमालेच्या रूपाने कोंबली जातात, आणि त्यांवर आधारलेले निष्कर्ष चुकतात.

या तपासणीचा इतिहास म्हणजे यंत्राच्या वाढत्या वेगाचा इतिहास, असे समजण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती तशी नाही. उत्तर किती लवकर मिळते, हे मुख्यतः रचनेची साक्ष कोठे नोंदलेली आहे यावर अवलंबून राहिले आहे. ही साक्ष तीन ठिकाणी आढळते : आगाऊ केलेल्या वर्णनात, प्रत्यक्ष मूल्यावरील खुणेत, किंवा केवळ मजकुरात.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे कोबोल ही भाषा. १९५९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या कोडासिल समितीच्या कार्यातून ती निर्माण झाली व १९६० साली तिचे पहिले विवरण प्रसिद्ध झाले. तीत प्रत्येक पदास स्तरक्रमांक देण्यात येतो. एखाद्या पदाखाली लगेच त्याहून मोठ्या स्तरक्रमांकाचे पद आले, की वरचे पद समूहवाचक ठरते. येथे एकही नोंद न वाचता, केवळ वर्णनावरून, प्रश्नाचा निकाल लागतो. तथापि सामग्रीचे स्वरूप आधीच ठाऊक असणे ही या पद्धतीची अट होय.

ज्या क्षेत्रात अशी पूर्वकल्पना संभवत नव्हती, तेथे दुसरा मार्ग निघाला. मसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली हाती घेतलेल्या लिस्प भाषेत याद्यांच्या पोटी याद्या येत, आणि त्यांच्या खोलीस मर्यादा नव्हती. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात पाच मूलभूत क्रिया सांगितल्या आहेत; त्यांपैकी 'ॲटम' ही क्रिया दिलेली वस्तू अविभाज्य आहे की नाही एवढेच सांगते. आयबीएम ७०४ या यंत्रावर अविभाज्य चिन्हाच्या पहिल्या शब्दातील पत्त्याच्या जागी एक विशिष्ट स्थिरांक ठेवीत, आणि त्यावरून ते चिन्ह ओळखले जाई. यादीत पोटयादी आहे काय, हे पाहण्यासाठी बाहेरील साखळीच्या कड्या क्रमाने तपासाव्या लागत. परंतु कोणत्याही पोटयादीत उतरण्याचे कारण पडत नसे.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा ई. एफ. कॉड यांचा होय. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधनशाळेतून त्यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित प्रतिमानावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. कॉड यांनी पोटमूल्यांचे अस्तित्वच नाकारले, असे पुष्कळदा सांगण्यात येते. ते यथार्थ नाही. त्यांचे स्वतःचे उदाहरणच कर्मचाऱ्याच्या नोंदीचे आहे. तीत कामाचा पूर्वेतिहास व अपत्ये ही दोन पदे स्वतःच कोष्टके आहेत, आणि कामाच्या पूर्वेतिहासाच्या पोटी पुन्हा वेतनाचा पूर्वेतिहास आहे. मूळ कोष्टकाची किल्ली प्रत्येक पोटकोष्टकात उतरवून या एका नोंदीची चार सपाट कोष्टके कशी करावयाची, हे त्यांनी दाखविले. म्हणजे त्यांनी पोटमूल्ये नाकारली नाहीत. ती काढून टाकण्याची रीत दिली. रीत पाळली गेली असेल, तर तपासणीची गरजच उरत नाही.

परंतु या निकालाला एक मर्यादा होती. स्वल्पविरामांनी जोडलेली पाच नावे एका अक्षरमालेत लिहिली, तर बाह्यतः ते मूल्य एकेरीच दिसते. कसोटी आकार ओळखते, आशय नव्हे. शिवाय अभियांत्रिकी आराखडे व दस्तऐवज यांसारखी सामग्री सपाट करणे गैरसोयीचे ठरले. त्यामुळे १९७७ साली अकिफुमी माकिनोउची यांनी सपाटपणाची अट सैल करण्याचा विचार मांडला, आणि १९८२ साली येश्के व शेक यांनी अशा कोष्टकांसाठी बीजगणित रचले.

एकविसाव्या शतकात तिसरा प्रकार सर्वत्र पसरला. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास पुढे आणलेल्या जेसन या लेखनपद्धतीचे विवरण २००६ साली आरएफसी ४६२७ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात चार साधे व दोन रचनायुक्त मूल्यप्रकार आहेत. आगाऊ वर्णनाची सक्ती नाही, आणि मूल्यावर निराळी खूणही नाही. साक्ष केवळ कंसांची. बाह्य कंसाच्या आत दुसरा उघडणारा कंस भेटला, की पोटमूल्य सिद्ध झाले. मात्र अवतरणचिन्हांमधील कंस हा रचनेचा भाग नव्हे, आणि तिरकस रेघ आधी असलेले अवतरणचिन्ह अक्षरमालेचा शेवट दर्शवीत नाही. म्हणून नुसता कंस शोधणारी तपासणी फसते.

येथे एक विषमता ध्यानात घेतली पाहिजे. 'होय' हे उत्तर पहिल्याच पोटकंसाशी मिळते. 'नाही' हे उत्तर मात्र मजकूर अखेरपर्यंत वाचल्यावाचून देता येत नाही. पहिल्या शंभर नोंदी सपाट आढळल्या, एवढ्यावरून एकशेएकावी सपाट ठरत नाही. २०१९ साली जेफ लँगडेल व डॅनियल लेमिर यांनी ६४ बाइटांच्या गटातील अवतरणे व कंस एकदम हेरण्याची पद्धती वर्णिली, आणि वाचनाचा वेग सेकंदास गिगाबाइटांच्या घरात नेला. वाचन त्यामुळे शीघ्र झाले. अनावश्यक झाले नाही.

ते बऱ्याच अंशी टाळावयाचे, तर पुन्हा खुणेकडेच वळावे लागले. पोस्टग्रेस या आधारसामग्री-व्यवस्थेत २०१२ साली जेसन मजकूररूपानेच साठविला जाई. २०१४ साली आलेल्या जेसनबी या द्विमान रूपात प्रत्येक घटकासाठी ३२ बिटांची नोंद असते व तिच्यातील तीन बिट मूल्याचा प्रकार सांगतात. बाहेरील पातळीवरील या नोंदी पाहिल्या, की आतील मजकुरास हात न लावता निर्णय होतो. मॅकार्थी यांच्या स्थिरांकाचे आणि या तीन बिटांचे कार्य तत्त्वतः एकच होय.

तात्पर्य, तपासणीचे श्रम नाहीसे होत नाहीत. ते केव्हा व कोणी करावयाचे एवढेच बदलते. कोबोल व कॉड यांच्या मार्गात ते रचनाकार आधी करतो, खुणेच्या मार्गात साठविणारा करतो, आणि मजकुराच्या मार्गात ते प्रत्येक वाचकाच्या वाट्यास पुन्हा पुन्हा येतात. संशोधकाने 'ही सामग्री सपाट आहे' असे विधान केले, तर त्यामागे पाळले गेलेले वर्णन, विश्वसनीय खूण किंवा संपूर्ण वाचन, यांपैकी एक आधार असला पाहिजे. तो नसेल, तर ते विधान तपासणीचे फलित नसून केवळ अनुमान ठरते.