खाणीचा पैसा आणि निवडणुकीचा कागद

गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या गावांचा इतिहास लिहायला बसलं की एक अडचण हमखास येते. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत निवडणुकीत खाणींचा पैसा फिरतो, असं कुणीही सांगेल. पण इतिहासाला 'असं म्हणतात' पुरत नाही, कागद लागतो. हा कागद कुठे मिळतो आणि कुठे मिळत नाही, एवढंच मी या टिपणात मांडतो.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. 1957 साली टाटांच्या लोखंड-पोलाद कंपनीने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल मागितला. एका भागधारकाने हरकत घेतली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्यापुढे आलं. प्रचलित कायद्यात अडवायला आधार नव्हता, म्हणून परवानगी मिळाली. पण ही प्रथा वाढली तर लोकशाहीचाच गळा आवळला जाईल, संसदेने यात लक्ष घालावं, असा इशारा छागलांनी निकालातच देऊन ठेवला. संसदेने 1960 मध्ये मर्यादा घातली, 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आणली आणि 1985 मध्ये ती उठवली.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. मुक्तीनंतर डिसेंबर 1963 मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊ स्वतः खाणमालक. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लोकांना ते ठाऊक होतं आणि तरीही, किंबहुना त्यांच्या दानशूरपणामुळेही, लोकांनी त्यांना आपलं मानलं. मात्र खाणीचा पैसा आणि सत्ता यांचं नातं गोव्यात पहिल्या दिवसापासून घरचं होतं, हे इथे नोंदवायला हवं.

आता साधनांकडे वळू. आपण जुन्या निवडणुकांसाठी वर्तमानपत्रांच्या फायली चाळतो. 'गोमन्तक' 1962 मध्ये चौगुले यांच्या उद्योगसमूहाने काढला. 'नवहिंद टाइम्स' 1963 मध्ये धेंपे समूहाने काढला, मराठी 'नवप्रभा'ही त्यांचाच. दोन्ही घराणी खाणव्यवसायातली. म्हणून तिथली बातमी खोटी ठरत नाही. पण शेतात उतरलेल्या लाल गाळाबद्दल त्या पानांवर काय आलं आणि काय आलं नाही, हे मालकी लक्षात ठेवूनच वाचायला हवं.

मग पक्का कागद कुठे आहे? आहे, पण तो दिल्लीत. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था आणि माजी सनदी अधिकारी ई. ए. एस. सरमा यांनी केलेल्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2014 रोजी निकाल दिला. स्टरलाइट आणि सेसा गोवा या कंपन्यांनी काँग्रेस व भाजप या दोन्ही पक्षांना देणग्या दिल्या होत्या. या कंपन्या इंग्लंडमध्ये नोंदलेल्या वेदांता रिसोर्सेसच्या ताब्यातल्या, म्हणून 1976 च्या कायद्याप्रमाणे हा परदेशी पैसा ठरतो आणि दोन्ही पक्षांनी कायदा मोडला, असं न्यायालय म्हणालं. पुढे काय झालं? 2016 मध्ये कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. तो 2010 पर्यंतच मागे पोचत होता, म्हणून 2018 मध्ये पुन्हा बदलून थेट 1976 पर्यंत नेला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्ष या यादीत शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

आणि हे कोणत्या काळात? 2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. 2012 मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी थांबल्या. 21 एप्रिल 2014 रोजी, म्हणजे दिल्लीच्या निकालानंतर महिन्याभरातच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोव्यातल्या खाणपट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती.

पण हे सगळं वरचं. गावात काय? वीस हजारांवरच्या देणगीची यादी निवडणूक आयोगाला देण्याचं बंधन राजकीय पक्षांवर आहे. गोव्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. पक्षच नाही तर पक्षाची यादी कुठून येणार? त्यामुळे ज्या पंचाच्या एका मतावर ग्रामसभेचा ठराव पुढे सरकतो किंवा अडतो, त्याच्या प्रचाराला कुणी हात दिला याचा माग या याद्यांत लागतच नाही.

हे असंच असतं असंही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शहरात शेव्हरॉनचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. 6 ऑगस्ट 2012 ला तिथे आग लागली आणि सुमारे पंधरा हजार लोकांना दवाखाने गाठावे लागले. 2014 च्या नगरपालिका निवडणुकीत कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या समित्यांनी सुमारे तीस लाख डॉलर ओतले. तरी त्यांचे उमेदवार पडले आणि टॉम बट महापौर झाले. हा आकडा इथे बसून मला लिहिता येतो, कारण तिथल्या कायद्याने तो जाहीर करावा लागला. मतदारांनाही तो मतदानाआधी कळला होता.

आपल्याकडे तो कायदा नाही, म्हणून आपलं काम वाढतं. खाणपट्ट्यातल्या मंडळींना माझं सांगणं एवढंच: ग्रामसभेची इतिवृत्तं, जत्रेची हस्तपत्रकं, देवळाच्या सभामंडपावरच्या देणगीदारांच्या फरशा, क्लबाच्या स्मरणिकेतल्या जाहिराती, विहिरी आटल्यावर आलेल्या टँकरच्या नोंदी, यांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. शेजारी त्या वर्षीच्या निवडणुकीची तारीख लिहा. एका फरशीवरून काही सिद्ध होत नाही आणि कुणावर आरोपही करता येत नाही. पण वीस वर्षांच्या फरशा आणि तारखा एका ओळीत मांडल्या, तर कोणत्या गावात दान केव्हा वाढलं हे दिसू लागेल. छागलांनी इशारा दिल्ली-मुंबईकडे बघून दिला होता. तो पिसुर्ले-शिरगावापर्यंत कसा पोचला, हे लिहायला बाहेरून कुणी येणार नाही. जुने पंच, ट्रकमालक, बार्जवर काम केलेली माणसं अजून आहेत, तोवर त्यांच्याशी बोलून घ्यायला हवं.