कागदावरचा शुक्र

ग्रहाचे अधिक्रमण, म्हणजे त्याचे सूर्यबिंबावरून सरकणे, डोळे सांभाळून पाहा, असे सांगितले की अनेकांना वाटते, सुरक्षिततेपायी खऱ्या दर्शनावर पाणी सोडावे लागणार. सतराव्या शतकातला पुरावा याच्या उलट आहे. सूर्यावरचे डाग दुर्बिणीतून थेट पाहणाऱ्या थॉमस हॅरियटने, त्यानंतर आपली नजर तासभर अंधुक झाल्याचे लिहून ठेवले. त्याच सुमारास गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने दुर्बिणीतून येणारी सूर्यप्रतिमा कागदावर घेण्याची युक्ती त्याला दिली. डोळा वाचला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सूर्य मोजपट्टीखाली आला. याच रीतीने इंग्लंडातल्या लँकेशरमधल्या मच हूल गावी खगोलनिरीक्षक जेरेमाया हॉरॉक्सने 24 नोव्हेंबर 1639 रोजी (जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे) अंधाऱ्या खोलीत सुमारे सहा इंची वर्तुळ आखून त्यात सूर्यबिंब बसवले. परिघावर अंश आधीच पाडलेले होते. दुपारी सव्वातीनला ढग हटले तेव्हा शुक्राचा काळा ठिपका बिंबाच्या आत आलेला होता. सूर्यास्ताला जेमतेम अर्धा तास उरला होता. तेवढ्यात त्याने शुक्राची जागा तीनदा टिपली आणि आकारही मोजला. तो एका कलेहून (अंशाच्या साठाव्या भागाहून) थोडाच मोठा भरला; केप्लरचा अंदाज त्याच्या कितीतरी पट होता. मँचेस्टरजवळ त्याचा मित्र विल्यम क्रॅबट्रीही कागदावरच पाहत होता, आणि तो इतका हरखला की मोजमाप जवळजवळ राहूनच गेले. कागदावर दर्शनाची गोडी उणावते, या शंकेला हे पुरेसे उत्तर आहे.

कोणी म्हणेल, 1769 मध्ये ताहितीवर कॅप्टन जेम्स कुकने शुक्राचे अधिक्रमण काळ्या काचेतूनच पाहिले. खरे आहे, ग्रह सूर्यबिंबाच्या कडेला टेकण्याचा क्षण टिपायला ती रीत सोयीची होती. पण तिथेही शेजारीशेजारी उभ्या निरीक्षकांच्या वेळा जुळल्या नाहीत, आणि एकाच्या डोळ्याने काय पाहिले ते दुसऱ्याला तपासता येईना. कागदावरचा ठिपका मात्र चार जण एकदम पाहू शकतात. काजळी धरलेल्या काचेचा किंवा एक्स-रे फिल्मचा घरगुती उपाय तर सोडूनच द्यावा: उजेड कमी वाटला तरी अदृश्य अवरक्त किरण आत जातात, आणि दृष्टिपटलाला वेदना होत नसल्याने इजा झाल्याचे कळतही नाही. शुक्राचे पुढचे अधिक्रमण थेट डिसेंबर 2117 मध्ये आहे; बुधाचे 13 नोव्हेंबर 2032 रोजी, भारतातूनही दिसेल असे. बुधाचा व्यास सूर्यबिंबाच्या व्यासाच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याएवढाच भरेल, तेव्हा ग्रहणाच्या चष्म्याने काही साधणार नाही. लहान दुर्बीण, पांढरा कागद आणि नेत्रिकेला कोणी डोळा लावू नये म्हणून शेजारी उभा एक जाणता माणूस, एवढी तयारी हवी.