राजधानी हलली, लांजी तिथेच राहिली

1 नोव्हेंबर 1956 या दिवशी लांजीतून कोणी कुठे गेले नाही. किल्ला जागेवर होता, लांजकाईचे देऊळ जागेवर होते, बांध्यांमधले धान कापणीला आले होते. हलली ती राजधानी. आदल्या दिवसापर्यंत मध्य प्रदेश म्हणजे नागपूर. त्या दिवशी नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि मध्य प्रदेशाची राजधानी सातपुड्यापलीकडे भोपाळला जाऊन बसली. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ मराठी जिल्हे राज्यातून बाहेर पडले. बालाघाट राहिला, आणि बालाघाटबरोबर लांजीही.

तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातले आमगाव लांजीच्या शेजारचे. मुंबई-हावडा मार्गावरचे ते स्टेशन लांजीकरांना सर्वांत जवळचे. गोंदियाची बाजारपेठ त्याच वाटेवर, सोयरिकी त्याच पट्ट्यात. आता मध्ये राज्याची सीमा आली.

एखाद्या मोठ्या संघटनेतून बाहेर पडायचे ठरले, की पडण्याची तारीख एकच असते. नंतरचा हिशेब मात्र वर्षानुवर्षे चालतो. ब्रिटनने 23 जून 2016 रोजी 51.9 विरुद्ध 48.1 टक्के मतांनी युरोपीय संघ सोडायचे ठरवले आणि 31 जानेवारी 2020 रोजी तो सोडला. त्यानंतरही उत्तर आयर्लंडमध्ये जाणारा माल कुठे तपासायचा, युरोपच्या बोटींनी ब्रिटनच्या समुद्रात किती मासे धरायचे, संशोधनाचा पैसा एकत्र ठेवायचा की वेगळा, यावर वाद सुरूच राहिले. 2023 मध्ये उत्तर आयर्लंडसाठी विंडसर आराखडा झाला, 2024 पासून ब्रिटन युरोपच्या संशोधन कार्यक्रमात परतला, आणि मे 2025 मध्ये मासेमारीची मुभा 2038 पर्यंत वाढवण्याचे ठरले. बाहेर पडून पाच वर्षे उलटली, तरी ‘आता आपले नाते काय’ हा प्रश्न लंडनमध्ये शिळा झालेला नाही. लांजीच्या आसपास तो प्रश्न त्याआधी साठ-सत्तर वर्षांपासून आहे. फरक इतकाच, की लांजीला कोणी मत विचारले नव्हते.

लांजी भंडाऱ्यापासून तुटली ती 1956 च्या बरीच आधी. रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या 1114 च्या शिलालेखात त्याला खंडणी देणाऱ्या प्रदेशांची यादी आहे. तीत वैरागर, लंजिका आणि भाणार ही नावे ओळीने येतात. वैरागर म्हणजे आजच्या गडचिरोलीतले वैरागड, लंजिका म्हणजे लांजी आणि भाणार म्हणजे भंडारा. आज ही तीन गावे दोन राज्यांत आहेत. दगडावर मात्र ती एका ओळीत बसली आहेत. पुढे गोंड राजे आले, मग नागपूरकर भोसले. वैनगंगेच्या या मुलखाचा कारभार तेव्हा लांजीहून चाले. 1820-21 च्या सुमारास कारभाराचे ठाणे भंडाऱ्याला गेले आणि लांजी भंडारा जिल्ह्यातले एक गाव झाली.

1853 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत बनला आणि 1867 मध्ये इंग्रजांनी बालाघाट नावाचा नवा जिल्हा आखला. भंडारा, शिवनी आणि मंडला या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून तो तयार झाला. हेतू साधा होता. घाटावरचे पठार जंगलाचे आणि विरळ वस्तीचे. तिथे शेतकरी वसवायचे तर खालचा भाताचा मुलूख जोडीला हवा. कर्नल ब्लूमफिल्ड या डेप्युटी कमिशनरने पवार शेतकऱ्यांना वर पठारावर वसायला उत्तेजन दिले. खालच्या मैदानातली लांजी अशी घाटावरच्या जिल्ह्यात गेली. बोलीभाषा आणि सोयरिकी तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हत्या. सारा आणि वसाहत होती.

नव्वद वर्षांनी ही रेघ कामाला आली.

राज्य पुनर्रचना आयोगात फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर होते. 1955 च्या अहवालात त्यांनी सर्वसाधारणपणे जिल्हा हेच मोजमाप धरले. गावनिहाय भाषा मोजून सीमा आखण्याची सूचना त्यांना पटली नाही. बालाघाट जिल्हा एकूण पाहता हिंदी भाषकांचा. त्यामुळे त्याच्या दक्षिण टोकाला मराठी, पवारी आणि गोंडी बोलणाऱ्यांची गावे आहेत याने निकाल बदलला नाही. लांजी भंडाऱ्यातच राहिली असती तर 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात गेली असती. इंग्रज अधिकाऱ्याने पठारावर शेतकरी वसवायला आखलेल्या रेघेने हे ठरवले.

त्या वेळचा मोठा वाद नागपुरात चालला होता, आणि तो बाहेर पडण्याचा नव्हता. बाहेर पडून कुठे जायचे याचा होता. 1 ऑक्टोबर 1938 रोजी प्रांताच्या विधानसभेने महाविदर्भाचा वेगळा प्रांत करावा असा ठराव केला होता. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने विदर्भातल्या काही नेत्यांनी संयुक्त महाराष्ट्राचा मार्ग धरला. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी वेगळ्या विदर्भावर ठाम होते. आयोगानेही वेगळ्या विदर्भाचीच शिफारस केली, पण ती मानली गेली नाही. विदर्भ एका राज्यातून निघून दुसऱ्यात शिरला आणि नागपूरला राजधानीच्या बदल्यात उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळाले. मूळ उच्च न्यायालय जबलपूरला गेले. आयोगाने जबलपूरला राजधानी सुचवली होती, ती मिळाली भोपाळला. जबलपूरची नाराजीही पुढे बरीच वर्षे टिकली.

राज्य मोडले तरी कायदे मोडत नाहीत. राज्य पुनर्रचना कायद्याच्या 119 व्या कलमाने जो कायदा जिथे लागू होता तो तिथेच राहील असे सांगितले. त्यामुळे नागपुरात बसून केलेली 1954 ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता विदर्भात तशीच चालू राहिली. महाराष्ट्राची 1966 ची संहिता 15 ऑगस्ट 1967 रोजी लागू झाली, तोवर गोंदियाचा शेतकरी ‘मध्य प्रदेश’ नावाच्या कायद्याखाली सारा भरत होता. खुद्द मध्य प्रदेशाने मात्र 1959 मध्येच स्वतःची नवी संहिता आणली. ज्यांनी राज्य सोडले त्यांच्याकडे जुना कायदा, आणि जे राहिले त्यांच्याकडे नवा. ब्रिटननेही बाहेर पडताना युरोपचे कायदे आधी जसेच्या तसे आपले म्हणून ठेवले आणि 2023 मध्ये त्यांतले सहाशेच्या आसपास रद्द केले. कार्यालयातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही: नवी संहिता छापून तालुक्याला पोचेपर्यंत सातबारा थांबत नाही.

शेजाऱ्यांनी बसून बोलायचे ठिकाण म्हणून त्याच पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा काढल्या. मध्य प्रदेश उत्तर प्रदेशाबरोबर मध्य परिषदेत गेला आणि मुंबई राज्य पश्चिम परिषदेत. लांजी आणि आमगाव यांचे प्रश्न एकच, पण ते मांडायच्या खोल्या दोन झाल्या.

रेल्वेने मात्र ही फाळणी मानली नाही. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी सातपुड्याची छोटी गाडी विसाव्या शतकाच्या आरंभापासून धावत होती. आता ती लाईन ब्रॉडगेज झाली आहे. बालाघाट आजही रेल्वेच्या लेखी नागपूर विभागातच मोडतो.

पाण्याने आणि धानानेही ही सीमा कधी पुरती मानली नाही. बाघ नदी काही अंतर सीमा म्हणून वाहते. बावनथडीचे धरण दोन्ही राज्यांनी मिळून बांधले, कारण नदीचे पाणी कोणत्या बाजूच्या बांधीत शिरते हे नकाशा ठरवत नाही. धानाचे तर वेगळेच. केंद्राचा हमीभाव सगळीकडे सारखा. त्यावरचे पैसे राज्यागणिक वेगळे. 2000 मध्ये छत्तीसगड झाल्यावर लांजीच्या पूर्वेला तिसरे राज्य आले. त्या राज्याने 2023-24 च्या हंगामात क्विंटलमागे 3,100 रुपयांनी धान घ्यायला सुरुवात केली आणि परराज्यातले धान येऊ नये म्हणून नाक्यांवर तपासणी लावली. धानाची पोती भरलेली गाडी आपल्याच तालुक्यातून निघून रात्री तपासणी नाक्यावर थांबते. पोत्यातला दाणा कोणत्या राज्यातला, हे सांगायला त्याला भाषा नाही.

सीमेची सगळ्यांत जास्त झळ पोचते ती कागदावर. लांजीकडची मुलगी लग्न होऊन आमगाव-गोंदियाला आली, की जातीच्या दाखल्याचा प्रश्न उभा राहतो. एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्या माणसाला अनुसूचित जाती-जमातीच्या सवलती नव्या राज्यात मिळत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1990 चा निकाल आहे. पण राज्याची सीमाच त्या माणसाच्या घराजवळून सरकली असेल तर? तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या पांढुर्ण्याचे एक हलबा गृहस्थ महाराष्ट्रात नोकरीला होते. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मान्य केला: पुनर्रचनेपूर्वी दोन्ही मुलूख एकाच राज्यात होते आणि जमातही दोन्हीकडे तीच, तर त्यांना स्थलांतरित म्हणायचे का, याचा वेगळा विचार व्हायला हवा.

अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात 10 ऑगस्ट 1950 ही तारीख धरतात. त्या दिवशी कुटुंब कुठे राहत होते याचा पुरावा लागतो. त्या तारखेचे आजोबांचे शाळेचे दाखले शोधायला निघाले, तर लांजीच्या आजोबांच्या दाखल्यावर बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश हे राज्य सापडेल. गोंदियाच्या आजोबांचा जिल्हा भंडारा. राज्याच्या जागी मात्र त्यांच्याही कागदावर मध्य प्रदेशच असेल.