एकाच मायक्रोफोनपुढे

धर्मग्रामाच्या स्मरणिकेत ध्वनिमुद्रणाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज येईल. उत्तर इतकेच की, तो घडविणाऱ्यांपैकी पुष्कळ मंडळी चर्चच्या गायनशाळेत तयार झाली होती, आणि त्यांचे कार्य वसईच्या खाडीपलीकडे, मुंबईतच होऊन गेले.

आरंभी मायक्रोफोनही नव्हता. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आले आणि गौहरजान यांनी कर्ण्यात तोंड घालून गाणे दिले. आवाजाच्या जोरानेच सुई मेणावर रेघ ओढीत असे. १९२५ साली विद्युत्-मुद्रण सुरू झाले व मृदु स्वरही तबकडीवर उमटू लागला. परंतु उमटलेला स्वर खोडण्याची सोय नव्हती. तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. अखेरच्या ओळीत कोणी चुकला, तर सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. बोलपटांत तर नट कॅमेऱ्यासमोर गात आणि वादक चौकटीबाहेर दडून साथ करीत. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा त्याच काळातील होय. १९३५ साली न्यू थिएटर्सच्या ‘धूपछाँव’पासून पार्श्वगायन आले, तरी सर्वांनी एकाच वेळी गाण्या-वाजविण्याची रीत पुढे पुष्कळ वर्षे चालली.

आता मुख्य गोष्ट. मनुष्य गर्दीतही आपल्यास हवा तो आवाज निवडून ऐकतो. मायक्रोफोनास ही निवड साधत नाही. म्हणून ती निवड उभे राहण्याच्या जागेने करावी लागे. गायक जवळ, व्हायोलिने त्यांच्या मागे, ट्रम्पेट पार भिंतीशी. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चतुर्थांश उरते. खोलीत भिंतींचा प्रतिध्वनी मिसळल्यामुळे हा हिशेब बिघडतो, व अखेर कानानेच निर्णय करावा लागतो. रिबन जातीचा मायक्रोफोन पुढून व मागून ऐकतो, पण दोन्ही बाजूंनी जवळजवळ बहिरा असतो. मोठ्या आवाजाचे वाद्य त्या बहिऱ्या बाजूस ठेवीत. दुसरा मायक्रोफोन मिळाला तर एक गायकास व एक वादकांस. तरी एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतच असे.

या अडचणीतूनच सौंदर्यही निघाले. ‘महल’ (१९४९) मधील ‘आयेगा आनेवाला’ गाताना खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनजवळ आल्याचे लता मंगेशकर यांनी सांगितले आहे. दुरून येणारा तो स्वर यंत्राची किमया नव्हे, पावलांची होय. तबकडीवर मात्र गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापले गेले. ते चित्रपटातील पात्राचे नाव!

लताबाईंचे नाव पुढे जगाला कळले. वादकांचे तसे झाले नाही. गोव्याच्या पॅरिश शाळांत स्वरलेखन व व्हायोलिन शिकून आलेल्या कित्येक ख्रिस्ती वादकांवर मुंबईचे वाद्यवृंद उभे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे गायनवृंदाच्या शिक्षकाचे पुत्र. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि गुरूचे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे घरोघर पोचले. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. यांच्यासह वाजविणाऱ्या शेकडो जणांची नावे तबकडीवर आली नाहीत. आपला आवाज किती आवरावा, हे शिक्षण त्यांना कॉयरमध्येच मिळाले असावे, असे आमचे मत आहे.

आज आमच्या कॉयरमध्ये प्रत्येकापुढे मायक्रोफोन असतो, व शेजाऱ्याचा स्वर ऐकण्याची सवय मोडत चालली आहे. दुसरी चिंता याहून मोठी. जुनी मराठी भक्तिगीते व कादोडी बोलीतील लग्नगीते ज्यांना मुखोद्गत आहेत, ती माणसे वृद्ध झाली आहेत. या ज्युबिलीच्या वर्षी त्यांचे गाणे देवळातच मुद्रित करावे, अशी आमची विनंती आहे. त्यास मोठा खर्च नको. दोन चांगले मायक्रोफोन, बंद पंखे आणि एक शांत दुपार पुरे. वृद्धांना पुढे बसवावे, तरुणांनी त्यांच्या मागे अर्धवर्तुळात उभे राहावे, प्रत्येकाचे नाव वहीत लिहून घ्यावे, आणि ट्रम्पेटवाल्यांस मात्र पार दाराशी ठेवावे.