उभयचर वाहनाची निवड व सज्जता
रायपूर जिल्ह्यातील अभनपूर परिसरात पावसाळ्यात भातखाचरे चिखलमय होतात. जवळच राजिम येथे महानदी, पैरी व सोंढूर यांचा संगम आहे. अशा प्रदेशात मदतकार्यासाठी उभयचर वाहन निवडताना भारवहनक्षमता आणि प्रवाहाचा वेग प्रथम विचारात घ्यावा.

भारतीय सैन्याने २०२३ मध्ये मागणी नोंदवलेले ‘एटोर एन १२००’ हे वाहन १,२०० किलो भार वाहू शकते. अल्पदाबाचे प्रचंड टायर त्यास तरंगण्यास साहाय्य करतात आणि वल्ह्यांप्रमाणे पाणी मागे सारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबातील पूरग्रस्तांच्या सुटकेसाठी ते वापरण्यात आले.

मात्र पाण्यात त्याचा वेग ताशी सुमारे ६ किलोमीटर असल्याने जोरदार प्रवाहात यंत्रचलित नौकाच योग्य ठरते. विंच, पाणी उपसणारा पंप व जीवरक्षक जाकिटे वाहनात अवश्य असावीत.